पारुळ्याच्या बंद पोर्टासाठी, काकांना

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. किनारपट्टीवर फायबर सांभाळणाऱ्या आणखी कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

आमच्या इंटरनेटची रिंग, म्हणजे गोलाकार जोडणी, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, पारुळे आणि परत मालवण अशी. पारुळे ते वेंगुर्ला वायरलेस, बाकी सगळं फायबर. रिंगमध्ये माहिती गोल गोल फिरत राहू नये म्हणून स्विचचा (जोडणीच्या उपकरणाचा) एक पोर्ट, म्हणजे केबल लावायची जागा, मुद्दाम बंद ठेवतात. वायरलेसवर भार नको म्हणून तो पारुळ्यात नेमलेला. पावसाच्या तोंडावर कुडाळच्या रस्त्याला जेसीबीने केबल तोडली. पारुळ्याचा पोर्ट उघडला, गिऱ्हाइकांना कळलंसुद्धा नाही. पण केबल जोडून झाल्यावरही संध्याकाळी मालवणात सगळं रखडायला लागलं, आणि एकाही स्विचवर अलार्म नव्हता.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "आल्ट आता कुठे आहे?" आल्ट म्हणजे त्या वेळी बंद असलेला पोर्ट. रिंगची स्थिती दाखवणारी 'शो रेप टोपोलॉजी' कमांड दिली, तर आल्ट मालवणच्या दुरुस्त पोर्टावर! अख्खं मालवण पारुळ्यावरून, वायरलेसने कुडाळला जात होतं. सिस्कोच्या आरईपीत, म्हणजे आमची रिंग सांभाळणाऱ्या पद्धतीत, जिथे तुटलं तिथलाच पोर्ट जोडणीनंतर बंद राहतो, हे तुम्ही समजावलंत. नेमलेला पोर्ट पुन्हा बंद करायला प्रीएम्प्शन, म्हणजे तसा आदेश, लागतं, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ते हातानेच द्यावं लागतं. जी.८०३२ या दुसऱ्या पद्धतीची रिंग रिव्हर्टिव्ह मोडमध्ये ठरलेला वेळ, सहसा ५ मिनिटं, थांबून आपली आपण मूळ जागी येते. त्यावर हात बसलेल्याला हे कसं सुचावं?

पारुळ्याच्या पोर्टाला 'प्रिफर्ड', कुडाळच्या प्रायमरी एज पोर्टावर (रिंगच्या मुख्य टोकावर) 'रेप ब्लॉक पोर्ट प्रिफर्ड व्हीलॅन ऑल' आणि त्याखाली 'रेप प्रीएम्प्ट डिले', म्हणजे जोडणीनंतर किती थांबून प्रीएम्प्शन आपोआप व्हावं ती वेळ, अशा कमांड तुम्ही सांगितल्यात. हा डिले १५ ते ३०० सेकंद ठेवता येतो. तुम्ही ३०० च घालायला लावलात. भर पावसात सांधा मारणाऱ्याचा हात केबलवरून निघेपर्यंत लिंक वर-खाली होतच राहते. मध्येच पुन्हा तुटलं तर मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे पोर्ट उगाच इकडून तिकडे उड्या मारत नाही. शिवाय बंद पोर्ट हलवला की क्षणभर वाहतूक तुटतेच, ती पुन्हा पुन्हा कशाला तुटू द्यायची? इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर केबल पुन्हा तुटली, जोडली, आणि आल्ट आपसूक पारुळ्यात परतला. मनापासून आभार, काका.

देवगडच्या रिंगवर रुग्णालय आहे. तिथे तुम्ही म्हणालात तसं डिले न घालता प्रीएम्प्शन हातानेच, रात्री उशिरा देणार आहोत. गणपतीआधी ते काम उरकतो आणि टोपोलॉजी तुम्हाला पाठवतो.

तुमचा,
मालवणचा नेटवाला