ओसाकाची ती रात्र

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंद्या,

‘पेरी आलाच नसता तर?’ हा तुझा लाडका प्रश्न पुन्हा आला. अरे, जपानची बंद दारं तोफांच्या धाकाने उघडायला लावणारा तो अमेरिकन नौदल अधिकारी नसता, तर दुसरा आला असता. १८५३ मध्येच, पेरीमागून दीड महिन्यात, रशियाचा पुत्यातिन नागासाकीत हजर झाला होता! माझं ‘जर-तर’ जानेवारी १८६८ च्या अखेरीस, ओसाकात अडकलंय.

क्योतोजवळ तोबा-फुशिमीच्या लढाईत, शोगुनपद (जपानच्या लष्करी सत्ताधीशाचं पद) नुकतंच सोडलेल्या योशिनोबूचं सैन्य शत्रूच्या तिप्पट होतं, तरी हरलं. शत्रूने, म्हणजे सात्सुमा आणि चोशू या बंडखोर संस्थानांनी, सम्राटाचं जरीचं निशाण फडकवलं आणि योशिनोबूचा धीरच सुटला. आता लढणं म्हणजे राजद्रोह. सैन्याला पत्ता न लागू देता गडी रातोरात ओसाकाच्या किल्ल्यातून सटकला. अंधारात आपली युद्धनौका ‘काइयो मारू’ सापडेना, म्हणून आधी एका अमेरिकन युद्धनौकेवर आसरा घेतला. घराण्याचं सोनेरी पंख्याचं निशाण किल्ल्यातच राहिलं!

शोगुनांच्या एदोला (आजचं टोकियो) परतल्यावर फ्रेंच वकील रोश याने गळ घातली, पुन्हा लढा, आम्ही आहोत. कारभारी ओगुरी म्हणाला, शत्रूला एदोच्या वाटेवरच्या हाकोनेच्या घाटात येऊ द्या, मागून आरमाराने वाट तोडू. आरमार शाबूत होतं, बेत अजिबात खुळा नव्हता. योशिनोबूने दोघांनाही नकार दिला.

समज, हो म्हणाला असता. एदोकडे फ्रेंच तोफा, समोर इंग्रजांच्या बंदुका, आणि कर्जाला तारण काय? बंदरं, जकात, खाणी. वसईला सही करून दुसऱ्या बाजीरावाचं काय झालं, ते तुला मी काय सांगू? त्यात १८७० ला सेदानमध्ये तिसरा नेपोलियन स्वतःच प्रशियाच्या कैदेत. पाठीराखा गेला, कर्ज डोक्यावर! एझो बेट (आजचं होक्काइदो) रशियाने गिळलं असतं, असं मला वाटतं. जपानने रशियन आरमार बुडवलं ती १९०५ ची त्सुशिमाची लढाई तर विसरच. कोरिया मात्र कदाचित १९१० ला जपानच्या घशात जाण्यापासून वाचला असता. पळपुट्याची बाजू घेताना हे मला टोचतं.

ओगुरीचं वाईट वाटतं. नव्या सरकारच्या फौजेने त्याला बिनचौकशी नदीकाठी मारलं, आणि त्यानेच फ्रेंच इंजिनिअर वेर्नीला आणून सुरू केलेली योकोसुकाची गोदी आयती वापरली. हॉलंडहून आणलेला तिथला तीन टनी वाफेचा घण विसाव्या शतकातही चालू होता. त्सुशिमा जिंकणाऱ्या तोगोने पुढे ओगुरीच्या वारसांना घरी बोलावून आभार मानले.

आणि योशिनोबू? आधी शिझुओकात, मग टोकियोत, सायकल चालवत, फोटो काढत १९१३ पर्यंत मजेत जगला.

आता तू भांड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या