उसवलेल्या पन्नास काडतुसांबद्दल, काका, तुमचे आभार

आदरणीय काका,

रविवारी तुमचा तराजू परत द्यायला येणार आहे. समोर बसल्यावर हे सगळं नीट बोलता येणार नाही, तुम्ही दुसऱ्याच वाक्याला विषय बदलाल, म्हणून आधी लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. रायफलची काडतुसं घरी भरायला, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर, पावडर आणि गोळी बसवायला, सुरुवात कशी करायची, हा प्रश्न घेऊन मी तुमच्याकडे आले होते. तोच प्रश्न घेऊन आज कुणीतरी कुठेतरी बसलं असेल, आणि त्याला तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही.

मी विचारलं होतं, प्रेस (काडतूस भरायचं दाबयंत्र) कोणता घेऊ? तुम्ही विचारलंत, "तुझ्या परवान्यात काय लिहिलंय?" मला वाटलं होतं, रायफलचा परवाना आहे म्हणजे झालं. तुम्ही मला वाचायला बसवलंत. काडतूस विकत घेणं वेगळं आणि ते स्वतः भरणं वेगळं. काही देशांत परवानाधारक नेमबाजाला ते करता येतं, काही ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, काही ठिकाणी मुळीच चालत नाही. पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) घरात किती ठेवायचे, कशात ठेवायचे, यालाही नियम असतात. लेखी विचारून लेखी उत्तर हातात येईपर्यंत तुम्ही मला एक स्क्रूसुद्धा घेऊ दिला नाहीत. तेव्हा मी मनातून चिडले होते, हे आज सांगते.

त्या थांबण्याच्या दिवसांत तुम्ही दिलेलं लोडिंग मॅन्युअल, म्हणजे कशात किती पावडर भरायची ते सांगणारं पुस्तक, मी दोनदा वाचलं. मी थेट तक्त्यांच्या पानावर गेले होते, तुम्ही पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानावर उघडून दिलंत. ग्रेन हे वजनाचं माप आहे, पावडरच्या दाण्यांची संख्या नव्हे, हे मला तिथेच कळलं. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम, आणि ७००० ग्रेनचा एक पौंड. एवढ्या बारीक मापात काम करायचं तर घाई कशी चालेल, हे त्या आकड्यानेच सांगितलं.

मग पुंगळ्या. काका, तुमच्याकडून शिकलेल्या सगळ्यांत मला हे सर्वांत जास्त आवडतं. मी रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, उरलेला कचरा समजत होते. तुम्ही एक माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "हिने काय सोसलंय ते वाच." साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं हे पितळ. बार उडतो तेव्हा पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला चिकटते आणि मागे येणारा गरम वायू अडवते. मग दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. हे तिला पुन्हा पुन्हा करता येतं, म्हणूनच हा सगळा खटाटोप शक्य आहे. पण दर खेपेला ती थोडी लांबते आणि थोडी थकते. माझ्या रायफलच्या, म्हणजे ३०८ विंचेस्टर या मापाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर. त्यापेक्षा लांब झाली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडकून गोळीवर आवळलं जातं, गोळी सुटायला जड जाते आणि दाब भलताच चढतो. कॅलिपर हातात घेतल्याशिवाय मी आता एकही पुंगळी पुढे सरकवत नाही.

आणि ती वाकवलेली तार! साध्या तारेचं टोक काटकोनात वळवून पुंगळीच्या आत, बुडाच्या जरा वर फिरवायचं. कुठे खाच लागली तर तिथली भिंत पातळ झालेली असते आणि पुढच्या बाराला पुंगळी तिथूनच तुटू शकते. बाहेरून कधी कधी नुसती एक चमकती रेघ दिसते. तुम्ही डोळे मिटून तार फिरवायला सांगितलंत. सहाव्या की सातव्या पुंगळीत मला ती खाच लागली, तेव्हा अंगावर काटा आला. तीच पुंगळी मी आदल्या आठवड्यात "चांगली" म्हणून वेगळी ठेवली होती.

डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा प्रेसमधला साचा) लावताना आपलं एकदा वाजलं होतं. मी पुंगळी पूर्ण आवळून कारखान्याच्या मापाला आणत होते, तुम्ही म्हणालात की हाताने बोल्ट (मागची कडी) ओढायच्या रायफलला खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग, सुमारे ०.००२ इंच मागे ढकलला तरी पुरतो. त्याहून जास्त ढकलला की दर बाराला पितळ उगाच ताणलं जातं, आणि ती तारेला लागणारी खाच त्यातूनच तयार होते. मला आधी पटलं नाही. चार फेऱ्या दोन्ही पद्धतींनी भरून तार फिरवली, मग पटलं. वंगण कमी झाल्याने डायमध्ये अडकलेली पुंगळीही तुम्हीच काढून दिलीत, त्याचेही आभार. आणि वंगण जास्त झालं तर खांद्याला खड्डा पडतो, हेही मी करून बघितलं आहे.

प्रायमरबद्दल थोडंच लिहिते. प्रायमरची ठिणगी आत जायला पुंगळीच्या बुडात एक मध्यभागी भोक असलेली ती बॉक्सर पद्धत, दोन बारीक भोकं असलेली ती बर्डन. बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन, आणि अमेरिकेत रूढ झाली ती बॉक्सर पद्धत, हे तुम्ही किती आनंदाने सांगितलं होतंत. पण भोकं बघायला लावलीत ती कामासाठी: बर्डन पुंगळी नेहमीच्या डायमध्ये घातली की जुना प्रायमर ढकलून काढणारी पिन मोडते. सैन्याच्या मापाच्या ७.६२ × ५१ पुंगळ्याही तुम्ही वेगळ्या डब्यात ठेवायला लावल्यात. बाहेरून त्या ३०८ सारख्याच, पण अनेकदा भिंत जाड, म्हणून आत जागा कमी. तीच पावडर तेवढीच घातली तरी दाब जास्त.

आता त्या रात्रीबद्दल.

पहिली पन्नास काडतुसं मी एकटीने भरली होती. ओळीने लाकडी ठोकळ्यात उभी होती, सुंदर दिसत होती. आवरताना लक्षात आलं की टेबलावर पावडरचे दोन डबे आहेत. एक त्या दिवशीचा, दुसरा आधीच्या चाचणीचा. आणि सुरुवात करताना हॉपरमध्ये (पावडर मोजून सोडणाऱ्या भांड्यात) थोडी पावडर आधीपासून होती. ती कुठल्या डब्यातली? दोन्हींचा रंग तोच, दाणे जवळपास तसेच. नव्वद टक्के खात्री होती की ती आजचीच. मी तुम्हाला फोन केला, खरं तर "चालेल" हे ऐकायला.

तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, "दाण्यांकडे बघून पावडर ओळखता येते का?" मी म्हटलं, नाही. "वजन करून कळेल?" नाही. दोन पावडरी सारख्याच वजनाच्या असतील, जळण्याचा वेग मात्र वेगळा, आणि जोरात जळणारी पावडर हळू जळणारीच्या मापाने भरली गेली तर रायफल फुटू शकते. "मग उसवायची," तुम्ही म्हणालात, "मी येतो."

रात्री साडेनऊला तुम्ही आलात. गोळी ओढून काढणारा हातोडीसारखा तो पुलर, दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. एकेक काडतूस त्यात घालून आपटून गोळी सैल करायची, गोळी एका डब्यात, पावडर दुसऱ्या. पन्नास वेळा. पावडर परत डब्यात टाकायची नाही, ती गेली. प्रायमर पुंगळीतच ठेवून, डायमधली पिन काढून पुंगळ्यांच्या माना पुन्हा आवळल्या. बारा वाजून गेले होते. त्या अडीच तासांत तुम्ही मला एकदाही "सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत. तुमच्या हातांत काम होतं आणि तुम्ही मला तुमच्या पहिल्या रायफलबद्दल सांगत होतात.

या पत्राचं खरं कारण ती रात्र आहे. मी एकटी असते तर नव्वद टक्क्यांवर समाधान मानून रेंजवर गेले असते. कदाचित काहीच झालं नसतं, आणि पुढच्या खेपेला मी ऐंशी टक्क्यांवर गेले असते. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी कोणी मध्यरात्रीपर्यंत माझ्याबरोबर बसेल, हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर माझ्या टेबलावर एका वेळी एकच डबा असतो. काम संपलं की हॉपर रिकामा, पावडर तिच्या मूळ डब्यात, डबा कपाटात, मगच दिवा बंद. भरताना फोन दुसऱ्या खोलीत. भरून झालं की ठोकळ्यातल्या प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पातळी सारखी आहे का ते बघते, मगच गोळी बसवते. तराजू वापरायच्या आधी पंखा बंद आणि चाचणीचं वजन ठेवून बघणं. मॅन्युअलमधल्या सर्वांत खालच्या मापापासून सुरुवात, छोट्या पायऱ्या, आणि बोल्ट उचलायला जड गेला, म्हणजे दाब जास्त झाला, की तिथेच थांबणं. गोळीची जात, पावडर, प्रायमर किंवा पुंगळी, यांतलं काहीही बदललं तर पुन्हा तळापासून. काम झाल्यावर हात धुणं, कारण प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठी नसलेलं काडतूस हे उसवायचं काडतूस.

गेल्या शनिवारी १०० मीटरवर पाच बार केले. त्याच पुंगळ्या, त्या रात्रीच्या. पाचही छिद्रं एका नाण्याखाली झाकतात. कागद जपून ठेवला आहे, दाखवायला आणते.

मी स्वतःचा तराजू घेतला, म्हणून तुमचा परत करते आहे. चाचणीचं वजन त्याच्या डबीत आहे, चिमट्यानेच उचललं, बोट लावलेलं नाही. शिवाय माझ्याकडे एक मुलगा यायला लागला आहे. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, प्रेस कोणता घेऊ. मी त्याला परवान्याचं विचारलं आणि मॅन्युअल दिलं. ते तुमचंच आहे, तेवढं मात्र अजून काही दिवस राहू द्या.

तुमची,
रविवारी येणारी पुतणी