जूनमध्ये याल, त्याआधी घरातल्या सापाबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या नातवाने "आजी, आम्ही साप आणलाय" म्हटलं आणि आई, तू जी उठून आत गेलीस ती परत आलीच नाहीस. बाबा बिचारे एकटेच पावसापाण्याचं बोलत राहिले. फोनवर हा विषय काढला की तू "शिव शिव" म्हणणार आणि मी चिडणार, म्हणून लिहितेय. सहा महिने राहायला येताय, तेव्हा घरात काय आहे ते आधीच कळलेलं बरं.

तर, आहे. कॉर्न स्नेक म्हणतात त्याला. बिनविषारी. अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत, शेतात-रानात उंदीर खाऊन राहणारी जात. आपल्या धामणीच्या कुळातलाच म्हणा. पुरता वाढला तरी चार-पाच फूट. आत्ता हातभर आहे आणि पेन्सिलीहून जरासा जाड. अंग केशरी, त्यावर काळ्या कडांचे तांबडे डाग, आणि उचलून पोट बघितलं तर काळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे.

कुत्रा का नाही, हे बाबा विचारणारच. तुमच्या जावयाला केसाळ जनावर चालत नाही, शिंकून शिंकून हैराण होतात. शिवाय आम्ही दोघं दिवसभर बाहेर, कुत्र्याला एकटं कोंडून ठेवणं माझ्या जिवाला बरं वाटेना. नातवाने दोन वर्षं सापाचा धोशा लावला होता. आधी मीही तुझ्यासारखीच अंगावर पाल पडल्यागत करायचे. मग वाचायला लागले, आणि शेवटी मीच म्हटलं की चला, बघून तरी येऊ.

शिकागोच्या दक्षिणेला टिनली पार्क म्हणून गाव आहे. तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. मला वाटलं, चार टॅटूवाले लोक असतील. बघते तर बाबागाडीतली पोरं, आजोबा, कॉलेजच्या मुली, सगळी जत्रा लोटलेली! टेबलांच्या रांगाच रांगा, आणि टेबलावर आपण श्रीखंड आणतो तेवढाले पारदर्शक डबे, झाकणाला भोकं पाडलेली, प्रत्येकात एक पिल्लू वेटोळं करून बसलेलं. डब्यावर चिठ्ठी: जात, जन्माचं साल, किंमत, आणि १.० किंवा ०.१ असा आकडा. मला ती सवलतीची काही भानगड वाटली. १.० म्हणजे नर आणि ०.१ म्हणजे मादी, हे तुमच्या नातवाने मला सांगितलं, तेही सगळ्यांदेखत. निम्म्याहून अधिक टेबलांवर बॉल पायथन नावाचे छोटे अजगर होते. त्यांच्यात रंगांचे इतके प्रकार काढलेत की एकेकाची किंमत हजारो डॉलर. मला विचाराल तर तो साप पाळण्याचा नाही, साड्यांच्या दुकानाचा धंदा झाला.

आम्ही ज्या बाईकडून घेतला ती साठीची असेल. तिने आधी आमचीच मुलाखत घेतली. पेटी घेतलीत का? गरम करायची सोय? थर्मोस्टॅट? मेलेला उंदीर हाताळायला जमेल ना? आम्ही ते सगळं आधीच आणून, आठवडाभर तापमान मोजून ठेवलं होतं, म्हणून पास झालो. मग मी तिला विचारलं: रानातून धरलेला की घरी जन्मलेला? शेवटचं कधी खाल्लं? तिने वही उघडून दाखवली. मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडेच अंड्यातून निघालेला, दर आठवड्याला खाल्ल्याची तारीख, कात टाकल्याची तारीख. बाबा, तुमच्या दुधाच्या वहीसारखी स्वच्छ. मग तिने हातावर औषध चोळायला लावलं आणि तो माझ्या तळव्यावर सोडला. गार नव्हता, बुळबुळीत तर मुळीच नव्हता. कोरडा, गुळगुळीत, आणि बोटांच्या फटीतून सारखा पुढे पुढे जात राहणारा. ६० डॉलर दिले. लगेच रुपयांत गुणाकार करू नका, कारण त्याच्या घराला त्याच्या पाचपट लागलेत.

आता तुला झोप लागू नये अशा गोष्टी, एकेक करून.

सुटला तर? या जातीचे साप निसटण्यात पटाईत, हे खरं आहे, तुझ्यापासून लपवत नाही. म्हणून काचेच्या पेटीला कुलूप आहे, पेटी खालच्या अभ्यासाच्या खोलीत आहे आणि त्या खोलीचं दार बंद असतं. तुमची खोली वरच्या मजल्यावर.

खातो काय? बाबा माळकरी, तेव्हा हे जरा जपून लिहिते. उंदीर. जिवंत नाही, बर्फात गोठवलेले मिळतात. ते गरम पाण्यात पिशवीसकट ठेवून ऊन करायचे आणि लांब चिमट्याने पुढे धरायचे. आमच्या फ्रीजमध्ये नाहीत! तळघरात वेगळा छोटा फ्रीजर घेतलाय, त्याचं भांडंसुद्धा स्वयंपाकघरात येत नाही. सापाला वरणभातावर आणता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आणि हात लावण्याबद्दल. सापांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला काहीच होत नाही, माणसाचं पोट बिघडतं. म्हणून हात लावला की साबणाने धुवायचे, हा घरात कायदा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि पासष्टीपुढच्या माणसांनी जास्त जपावं असं इथले डॉक्टर सांगतात. तेव्हा बाबा, तुम्ही काचेतूनच बघा, तुमची साखरही आहे. नातू आग्रह करेल, भरीस पडू नका. आईला आग्रह करायची कुणाची हिंमत नाही.

आई, तुझं माहेर शिराळ्याचं. नागपंचमीला मडक्यांतून नाग निघायचे, अंबाबाईच्या देवळाकडे मिरवणूक जायची, तू परकरात असताना आजीचा पदर धरून बघायचीस, हे मी तुझ्याकडूनच ऐकलंय. कोर्टाच्या आदेशानंतर जिवंत नागांची पूजा थांबली तेव्हा मामा किती दिवस फुरंगटला होता! आणि बाबा, १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले होते, ही गोष्ट मला जेवताना कितीदा सांगितलीत. कात्रजच्या सर्पोद्यानात मला खांद्यावर घेऊन फिरवणारे तुम्हीच. माझ्यावर हे संस्कार कुणी केले याचा जरा विचार करा.

नागपंचमीला तुम्ही इथेच असाल. दिंडं तू कर, त्या दिवशी चिरायचं-तळायचं नाही तेही आपण पाळू. पूजा पाटावर चंदनाने नाग काढून करू. मात्र पेटीत दूध-लाह्या नकोत. साप दूध पचवू शकत नाही, गारुडी त्यांना दिवसेंदिवस तहानलेलं ठेवतात म्हणून ते पितात. हळद-कुंकू अंगावर नको, आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत, कारण त्याला धूर सोसत नाही.

आणखी एक. तो आम्हाला ओळखत नाही. लळाबिळा काही नाही, हातावर घेतलं तर खपवून घेतो इतकंच. शेजारीण मला म्हणाली, मग काय उपयोग? मला मात्र तेच आवडतं. तुमचा नातू रोज संध्याकाळी पाणी बदलतो, तापमान लिहून ठेवतो (गरम बाजू ३० अंश, दुसरी २४च्या आसपास), आणि बदल्यात त्याला काहीही मिळत नाही. कात टाकायची वेळ आली की डोळे निळसर धुरकट होतात. तेव्हा त्याला त्रास द्यायचा नाही, म्हणून हे पोरगं दाराबाहेरूनच बघून येतं. ही जात पंधरा-वीस वर्षं जगते. नातू कॉलेजला गेला की हे सगळं माझ्याच गळ्यात पडणार, ते मी धरूनच चाललेय.

नाव अजून ठरलेलं नाही. नातवाला ड्रॅगन हवंय, मला शेषा. तुमचं मत कळवा.

आई, तरीही तुला नकोच असेल तर तसं सरळ सांग. इथल्या एका मैत्रिणीने सहा महिने सांभाळायची तयारी दाखवलीय. पण तिला मेच्या मध्यापर्यंत सांगावं लागेल, तेव्हा गप्प बसू नकोस. बाबा, आईऐवजी तुम्ही उत्तर द्यायचं नाही.

येताना गोडा मसाला दोन किलो आणा, आणि बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत करून घ्या.

तुमची,
ताई