आयसीयूतल्या रुग्णाची भूक मोजणाऱ्या यंत्रासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

किडनी बसली, ऑपरेशन नीट झालं, की घरच्यांना वाटतं आता सुटलो. पण काहींना पुढे जंतुसंसर्ग होतो आणि ते पुन्हा आयसीयूत, व्हेंटिलेटरवर जातात. आमच्या मंडळात अंबडकडची एक आई आहे. तिनं स्वतःची किडनी लेकाला दिली. दाराच्या काचेतून ती त्याच्या नाकातल्या नळीकडे बघत राहायची आणि सिस्टरना विचारायची, "एवढ्याशा पांढऱ्या पाण्यानं त्याचं भागतं का हो?"

अगदी नेमका प्रश्न आहे हा. अशा रुग्णाला किती कॅलरी द्यायच्या हे बहुतेक ठिकाणी अंदाजानंच ठरतं, रोज किलोमागे साधारण 25. पण वजन कोणतं धरायचं? अंगावर सूज असते. 60 किलोचा माणूस पाणी साचून 70 भरला, तर हिशोब रोज 250 कॅलरींनी चुकतो. तापानं गरज वाढते, गुंगीच्या औषधानं घटते. कमी पडलं तर मांस झडतं, जखम भरत नाही. जास्त झालं तर साखर चढते, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि व्हेंटिलेटर सुटायला वेळ लागतो. पंगतीत आपण आग्रहानं वाढतो. इथे तो आग्रह बाधतो.

इनडायरेक्ट कॅलरीमीटर हे यंत्र श्वासावरून हिशोब काढतं. शरीरानं ऑक्सिजन किती वापरला, कार्बन डायऑक्साइड किती सोडला, हे मोजून 1949 सालच्या वेअर यांच्या सूत्रानं खर्च झालेल्या कॅलरी कळतात. सुई टोचायची नाही, साधारण अर्ध्या तासाचं काम. मात्र ऑक्सिजन फार लागत असेल किंवा श्वासाच्या नळीतून हवा गळत असेल, तर आकडा भरवशाचा येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत तर डॉक्टर मोजलेल्यापेक्षा मुद्दाम कमीच देतात. म्हणून यंत्राइतकंच ते जाणणारं माणूसही महत्त्वाचं.

छत्रपती संभाजीनगरात जालना, बीड, परभणीकडून रुग्ण येतात. इथल्या प्रत्यारोपणाच्या आयसीयूला असं एक यंत्र द्यायचं आम्ही ठरवलं आहे. यंत्र एकदाच घ्यायचं, पण नळ्या, फिल्टर, यंत्राचं माप तपासायचा गॅस यांचा खर्च कायम चालू राहणार. गणेश मंडळांनी, सप्ताह समित्यांनी वर्गणीतला थोडा वाटा द्यावा, ही हात जोडून विनंती. आहारतज्ज्ञ आणि आयसीयूत काम केलेल्या तंत्रज्ञांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत.

शंभर रुपयांचीही पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाच्या फळ्यावर लागेल. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर देऊ म्हणणाऱ्यांचीही नावं आम्ही लिहून घेत आहोत.