तालमीची भिंत उतरवू नका, सावरा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या एका पेठेतल्या तालमीत मी लहानाचा मोठा झालो. गेल्या पावसाळ्यात तिची मागची भिंत फुगली. दुरुस्तीसाठी अर्ज केला, तर संबंधित कार्यालयातून उत्तर मिळालं की डागडुजीला पैसे बसत नाहीत. जुनी इमारत उतरवून आरसीसी बांधणार असाल तर प्रस्ताव आणा. खाली गाळे, वर हॉल, हॉलमध्ये मॅट. गाळ्यांच्या भाड्यावर तालीम चालेल.

साहेब, हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, वरच्या मजल्यावर नेता येत नाही.

त्याला खालून जमिनीची ओल लागते. आमच्या भिंती दगडी, चांगल्या रुंद. खिडक्या म्हणजे नुसते झरोके, वर कौलं. म्हणून ऐन मे महिन्यातही तांबडी माती पायाला गार लागते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मुरवलेली असते. पहाटे पोरं खोऱ्यानं ती उकरतात, खडा हाताला लागला की बाहेर टाकतात. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि वाकून वर बघितलं की समोर देवळीतला मारुती. ज्यांनी ही वास्तू बांधली त्यांना कुस्ती कळत होती.

राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला आणि इथल्या तालमींना बळ आलं. १९०२ च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि त्याच धर्तीवर १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. तालीम पुढे नुसती कुस्तीची राहिली नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही आमच्या फुटबॉल संघांची नावं, आणि हे सगळे तालीम मंडळांचेच संघ. भादव्यात गणपती आणि मोहरमला पंजा एकाच छपराखाली बसवणाऱ्या तालमी या गावात आहेत.

१५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला, आपलं खातं राज्य क्रीडा दिन साजरा करतं. खाशाबा मातीत घडले. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटवर सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. मॅटला माझा विरोध नाही. स्पर्धा मॅटवर होतात, पोरांना मॅट हवीच. आमच्या शेजारी मोकळी जागा आहे, तिथं शेड घाला. पण त्यासाठी हौद्यावर स्लॅब कशाला?

ऑगस्ट २०२४ मध्ये खासबागेला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा अख्खं गाव रडलं. ते पूर्वी होतं तसंच उभं करायचं ठरलं, याचं समाधान आहे. तालमी मात्र एकेक करून उतरवल्या जातात आणि त्याची कुठं बातमीही होत नाही.

माझं मागणं एवढंच, की जुन्या तालमींच्या दुरुस्तीसाठी क्रीडा खात्यात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडा. दगड, चुना आणि कौलांचं काम जाणणारे गवंडी अजून आमच्याकडे आहेत. त्यांचे हात थकायच्या आत ते काम होऊ द्या.

आमच्या भिंतीला सध्या चार बल्ल्यांचा टेकू आहे. पोरं त्याच्या अलीकडे जोर मारतात, पलीकडे कुणाला जाऊ देत नाही. मृगाचा पाऊस लागायच्या आत आपलं उत्तर यावं.

आपला,
तालमीतला एक जुना पैलवान, कोल्हापूर