व्रोत्स्वाफला निघण्याआधी

व्रोत्स्वाफ (पोलंड), १७ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

विसा हातात पडला हे तुझ्या मेसेजवरून कळलं. घरात काय वातावरण असेल ते इथे बसून दिसतंय. काकू फराळाच्या तयारीला लागल्या असतील आणि काका रोज रात्री बॅग वजनकाट्यावर ठेवत असतील. तू विचारलंस, जॅकेट तिकडून घेऊ की इकडून. इकडून घे. तिकडची जॅकेटं महाबळेश्वरपुरती असतात, इथल्या जानेवारीत त्यांचा उपयोग नाही. पण जो प्रश्न आधी विचारायला हवा तो तू विचारलाच नाहीस. राहायचं कुठे? त्याबद्दलच मुख्यतः लिहितोय.

इथे परदेशी विद्यार्थ्याचं गाडं पत्त्यावर अडतं. राहत्या जागेची पालिकेच्या कचेरीत नोंद करावी लागते, तिला झामेल्दोवानिए म्हणतात. ती पहिल्या आठवड्यातच करून टाक. नोंद झाली की तुला पेसेल मिळतो. हा अकरा आकड्यांचा ओळख क्रमांक सगळीकडे लागतो. त्यातले पहिले सहा आकडे जन्मतारखेचे असतात. तू २००२ चा, म्हणजे तुझ्या महिन्याच्या आकड्यात वीस मिळवलेले दिसतील. २००० नंतर जन्मलेल्यांना तसंच देतात, चुकलं म्हणून खिडकीवर परत जाऊ नकोस. पेसेल असला की बँकेचं काम सोपं होतं, बँकेतून सरकारी ऑनलाइन ओळख काढता येते, डॉक्टरकडे नाव नोंदवता येतं आणि पुढे रेसिडन्स कार्डाचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्जही सुरळीत होतो. या सगळ्याच्या मुळाशी एकच कागद असतो, भाडेकरार. म्हणून खोली स्वस्त आहे का हे नंतर बघ, आधी मालक लेखी करार आणि नोंदणी दोन्ही देतो का ते विचार.

बरेच मालक करार देतात पण नोंदणीचं नाव काढलं की अंग चोरतात. नोंद झाली की भाडेकरूला उठवता येत नाही अशी इथे जुनी भीती आहे, आपल्याकडचे वाडेवाले भाडेकरूंना घाबरतात तशीच. कायद्याने या नोंदणीने जागेवर कसलाही हक्क येत नाही, माणूस तिथे राहतो एवढीच ती नोंद. हे शांतपणे सांगून बघायचं. तरी नाही म्हणाला तर दुसरी खोली शोधायची.

जाहिराती ओएलएक्स आणि ओतोदोमवर दिसतील. समजा १८०० झ्वोती (इथलं चलन) लिहिलंय. ते मालकाचं भाडं झालं. खाली बारीक अक्षरात ‘अधिक चिन्श ६००’ असेल. चिन्श म्हणजे इमारतीचा मेंटेनन्स. त्यात पाणी, कचरा आणि बहुतेक ठिकाणी हीटिंगचा आगाऊ हप्ता धरलेला असतो. त्यावर ‘मेदिया’, म्हणजे वीज, गॅस, इंटरनेट. शिवाय काउत्स्या, म्हणजे डिपॉझिट, साधारण एका महिन्याचं, कधी जास्त. तेव्हा मालकाला दोनच प्रश्न विचार : सगळं मिळून महिन्याला किती, आणि हीटिंगचा पक्का हिशेब कधी होतो? हिवाळाभर रेडिएटर पूर्ण सोडून खिडकी उघडी ठेवणाऱ्यांना त्या हिशेबाच्या दिवशी घाम फुटतो.

‘नायेम ओकाझ्योनाल्नी’ असं लिहिलेलं दिसलं तर थांब. या प्रकारच्या करारात नोटरीसमोर लिहून द्यावं लागतं की वेळ आली तर मी जागा सोडून अमुक पत्त्यावर जाईन. तो दुसरा पत्ता पोलंडमधलाच लागतो आणि तिथल्या मालकाची संमतीही लागते. नुकत्याच उतरलेल्या पोराने तो आणायचा कुठून? पैसे घेऊन पत्ता देणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. आणि जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक झ्वोतीही कुणाला पाठवायचा नाही. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, अशी गोष्ट कुणी सांगितली की नंबर ब्लॉक करून मोकळा हो.

किल्ली घेताना ‘प्रोतोकुव’ नावाचा कागद दोघांच्या सहीने होतो : मीटरचे आकडे, फर्निचर, भिंतींची अवस्था. त्याच वेळी भरपूर फोटो काढ. माझ्या पहिल्या मालकीणबाई खोली सोडताना कपाटामागच्या ओरखड्याचे पैसे मागत होत्या. मी मोबाइल काढून पहिल्या दिवशीचा फोटो समोर धरला. बाईंनी चष्मा वर करून तो नीट पाहिला, ‘नो दोब्झे’, म्हणजे ‘बरं, ठीक’, म्हणाल्या आणि डिपॉझिटचं पाकीट टेबलावर ठेवलं.

माझं स्पष्ट मत विचारशील तर पहिलं वर्ष आकादेमिकमध्ये, म्हणजे हॉस्टेलमध्ये काढ. पॉलिटेक्निकची, म्हणजे इथल्या तांत्रिक विद्यापीठाची, हॉस्टेलं वित्तिगा रस्त्यावर आहेत. किचन सामाईक, दाराशी बसणाऱ्या बाई कडक, पण नोंदणीसाठी लागणारा कागद मागितला की मिळतो आणि तुझं डोकं अभ्यासाला मोकळं राहतं. वर्ष एक ऑक्टोबरला सुरू होतं, तेव्हा सप्टेंबरच्या मधोमध पोचलास तर सोयीचं.

निघण्यापूर्वी तिकडेच करायचं एक काम म्हणजे डिग्री आणि मार्कशीटवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. आधी राज्याचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा, असं दोन टप्प्यांत होतं. इथे आल्यावर आठवलं तर मूळ कागद कुरियरने परत पाठवत बसावं लागतं. पोलिश भाषांतर मात्र इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घे, कचेरीत त्याचाच शिक्का चालतो. प्रवेशपत्र, विमा, राहण्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट, सगळं हातातल्या बॅगेत असू दे. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे आलास तर इमिग्रेशन तिथेच होतं, आणि तेव्हा मोठी बॅग विमानाच्या पोटात असते.

आता काकूंना जरा हळू आवाजात सांग : तूप, पेढे, बर्फी, खवा यातलं काही आणता येणार नाही. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेसुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत. चटण्या, मसाले, पोहे, मेतकूट खुशाल आण. तुपाची काळजी नको, ‘मास्वो क्लारोवाने’ नावाने बाटलीत मिळतं आणि चांगलं असतं. ‘माश्लान्का’ म्हणजे सरळ ताक, जिरं-मीठ घालून पी. पोळीसाठी पिठाच्या पाकिटावर आकडा बघायचा. टाइप १८५० किंवा २००० म्हणजे कोंड्यासकट गव्हाचं. ते जाडसर असतं, त्यात निम्मं ५०० चं पांढरं मिसळलं की पोळी फुगते. छोटा कुकर आण, पण इंडक्शनवर चालणारा. बाहेर खायचं असेल तर ‘बार म्लेच्नी’ शोध, ती समाजवादी काळापासूनची स्वस्त खानावळ असते. विद्यापीठाजवळ कुझ्निचा रस्त्यावर ‘मिश’ आहे. तिथे पिएरोगी रुस्किए (उकडलेल्या करंज्या) मागितलेस तर बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण मिळेल, मात्र ‘वरून बेकन नको’ हे आधी सांग. सूप शाकाहारी दिसलं तरी बहुतेक वेळा हाडांच्या पाण्यात केलेलं असतं.

वॉर्साला उतरलास तर पुढे ट्रेन. साडेतीन-चार तास लागतात. स्टेशनच्या बोर्डावर दोन आकडे दिसतील, ‘पेरोन’ आणि ‘तोर’. पेरोन म्हणजे फलाट, तोर म्हणजे रूळ. एका पेरोनला दोन बाजू असतात, त्यामुळे नुसता पेरोन बघून उभा राहिलास तर समोरून तुझी गाडी निघून जाईल आणि तू पाठ करून उभा असशील. डब्याचा नंबरही तिकिटावर असतो. विद्यार्थ्यांना सव्विसाव्या वर्षापर्यंत रेल्वेत ५१ टक्के सवलत आहे, पण ती इथल्या विद्यापीठाच्या ओळखपत्रावर. ते हातात येईपर्यंत पूर्ण तिकीट काढायचं, ट्राममध्येसुद्धा. तिकीट तपासणारे साध्या कपड्यांत असतात आणि ‘मी नवीन आहे’ हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलेलं आहे. थेट व्रोत्स्वाफला विमान मिळालं तर १०६ नंबरची बस विमानतळावरून मुख्य स्टेशनापर्यंत आणते. ट्राममध्ये तिकीट बँकेच्या कार्डाने मशीनवर निघतं, कागद मिळत नाही. कार्ड हाच पुरावा, म्हणून तेच कार्ड जवळ ठेव.

विमानतळावर पैसे बदलू नकोस, शहरातल्या ‘कान्तोर’मध्ये दर बरा मिळतो. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून नोंदवावं लागतं. खातं उघडल्यावर ब्लिक, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, सुरू कर, सहा आकडी कोडवर सगळं चालतं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, वर्षातले मोजकेच रविवार अपवाद. शनिवारी संध्याकाळी बिएद्रोन्का या सुपरमार्केटात जी झुंबड उडते ती त्यामुळेच. रविवारी दूध संपलं तर झाब्का नावाचं छोटं दुकान उघडं असतं, थोडं महाग. १ आणि ११ नोव्हेंबरलाही सुट्टी असते, विसरू नकोस. प्लास्टिकच्या बाटल्या चेपून फेकू नकोस, ऑक्टोबर २०२५ पासून अनामतीची खूण असलेली बाटली दुकानात परत दिली की अर्धा झ्वोती मिळतो.

रेसिडन्स कार्डाचा अर्ज विसा संपायच्या आत गेलाच पाहिजे. निकालाला महिनोन्‌महिने लागतात. मधल्या काळात पोलंडमध्ये राहणं कायदेशीर असतं, पण नुसत्या अर्जाच्या जोरावर प्रागला फिरायला जाता येत नाही, आणि भारतात गेलास तर परत यायला नवा विसा लागतो. म्हणजे गणपतीला घरी यायचं असेल तर विसाच्या तारखा पाहून आधीच ठरव.

नोकरीचं बोलायचं तर, शिक्षणाच्या विसावर पूर्णवेळ शिकणाऱ्याला वेगळं वर्क परमिट लागत नाही. सव्विसाच्या आतल्या विद्यार्थ्याला ‘उमोवा झ्लेत्सेनिए’ या कामापुरत्या करारावर ठरावीक उत्पन्नापर्यंत आयकर नाही आणि सामाजिक विम्याची कपातही नाही, म्हणून मालकांनाही विद्यार्थी हवे असतात. पण पहिल्या सेमिस्टरला नको. फेब्रुवारीत परीक्षा येते तेव्हा कळतं.

डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. याचा त्रास थंडीपेक्षा जास्त होतो, थंडीला निदान जॅकेट तरी असतं. दुपारच्या सुट्टीत बाहेर चालून ये, खोलीत बसून राहू नकोस.

लोक सुरुवातीला तुटक वाटतील. लिफ्टमध्ये ‘जेन दोब्री’, म्हणजे नमस्कार, म्हणायचं, मोठ्यांशी पान-पानी (श्रीयुत-श्रीमती) लावून बोलायचं, कुणाच्या घरी गेलास तर चपला बाहेर. हे शेवटचं आपल्याला शिकवावं लागत नाही. आणि हे शहर काही पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिलेल्यांचं नाही. १९४५ पर्यंत हे जर्मनांचं ब्रेस्लाऊ होतं. युद्धानंतर जर्मन गेले आणि पूर्वेकडून, ल्वुफसारख्या (आताचं युक्रेनमधलं ल्विव्ह) ठिकाणांहून उठवलेले पोलिश लोक येऊन राहिले. आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते ४८ राहिलेले पोलिश निर्वासितही बहुतेक त्याच पूर्वेकडच्या मुलखातले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, गाडीला वेळ असेल तर बघून ये. इथे कुणी विचारलं कुठला, तर नुसतं इंडिया न म्हणता कोल्हापूर म्हण. एखाद्या आजीला माहीत निघेल.

फ्लाइटचा नंबर कळव, मी स्टेशनवर येतो. माझ्यासाठी कांदा-लसूण चटणी किलोभर, घट्ट सील करून. आणि कुठल्याही करारावर सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, पोलिश मजकूर मी वाचून सांगतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अभिजित

ता. क. आपली तीन पिनांची प्लग इथे बसत नाही, बारीक दोन पिनांची बसते. एक्स्टेंशन बोर्ड एकच आण आणि त्याला अॅडॉप्टर लाव, दहा अॅडॉप्टर विकत घेऊ नकोस.