चाचणी अर्ध्यात सोडणारेही मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘नव्या औषधाने ७० टक्के रुग्णांना गुण’ असा मथळा दिसला की मी आधी दोन आकडे शोधते. चाचणीत सुरुवातीला माणसे किती होती आणि शेवटपर्यंत किती टिकली? बहुतेक बातम्यांत दोन्ही नसतात. पुण्यातल्या एका रुग्णालयात ११ वर्षे मी औषध-चाचण्यांची समन्वयक होते. तारखेला न आलेल्यांना फोन करण्यात माझा निम्मा दिवस जाई.

माणसे का गळतात, ते कागदावर नीट उतरत नाही. मधुमेहाची आमची एक चाचणी ऐन आषाढात चालू होती. माळकरी मंडळी पालखीबरोबर पंढरपूरला निघून गेली, तपासणीची तारीख वाटेतच उलटली. पुरंदरच्या बायकांना पेरणी सोडून येणे जमेना. धायरीहून दोन बस बदलून, उपाशीपोटी सकाळी ८ वाजता रक्त द्यायला येणाऱ्या आजी तिसऱ्या खेपेला आल्याच नाहीत. सगळ्यांपुढे आम्ही एकच शेरा मारला, ‘संपर्क नाही’. त्यांतले भोरचे एक काका वर्षभराने मला मंडईत भेटले. म्हणाले, “ताई, गोळी घेतली की पोटात ढवळायचं. तुम्ही एवढ्या मायेनं बोलायचात, तोंडावर कसं सांगू?” काकांना औषध सोसले नव्हते आणि आमच्या नोंदीत ते नुसते हरवले होते. त्याची खंत मला आजही आहे.

यामुळे निकाल कसा फिरतो, ते पाहा. समजा, नव्या औषधाच्या गटात १०० जण होते. ३० गळाले, उरलेल्या ७० पैकी ४९ जणांना गुण आला. झाले ७० टक्के. जुन्या औषधाच्या गटातही १००. १० गळाले, ९० पैकी ५४ जणांना गुण, म्हणजे ६० टक्के. नवे औषध सरस ठरले. आता गळालेल्यांना गुण आला नाही असे धरून शंभरच्या शंभर मोजा. नवे ४९, जुने ५४! गळालेल्यांपैकी काही जण बरे वाटले म्हणूनही आले नसतील, हे खरे. पण विचारल्याशिवाय ते कळणार कसे? ज्याला ज्या गटात घातले त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचे, हा दंडक याचसाठी आहे.

गळती धरून आधीच जास्त माणसे घेतात, पण तो हिशेबही पुष्कळदा चुकतो. शेवटी २०० हवेत आणि २० टक्के गळणार असतील, तर २४० घेऊन भागत नाही. ४८ गेले की १९२च उरतात. २५० घ्यावे लागतात. आमच्या संख्याशास्त्राच्या मॅडमनी हे मला फळ्यावर मांडून दाखवले होते. मात्र २५० घेतले तरी भोरच्या काकांची मळमळ त्या आकड्यात कुठेच येत नाही.

कारण न देता चाचणी सोडण्याचा हक्क सहभागी व्यक्तीला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. पण गोळी थांबवली तरी तपासणीला येता येते, हे आम्ही त्यांना पुरेसे समजावत नव्हतो. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात पडला असता आणि रविवारी तपासणी ठेवली असती, तर धायरीच्या आजी कदाचित टिकल्या असत्या.

१५ जून २००९ पासून आपल्याकडे औषध-चाचणी सुरू होण्याआधी ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावी लागते. किती माणसे घेणार, हे तिथे कोणालाही वाचता येते. आपल्या वार्ताहरांनी बातमी देण्याआधी तो आकडा पाहावा आणि संशोधकांना विचारावे : किती घेतले, किती उरले, बाकीचे का गेले? उत्तराला बातमीत एखादी ओळ लागेल. तेवढी जागा आपण द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त चाचणी-समन्वयक, सहकारनगर, पुणे